जन्मतः सभासद

लोअर हट, मार्चअखेर

ती. बेबीताईस,

मारोतीचा जय भीम. गुडघा कसा आहे ते कळव. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नाहीस हे मला इथे बसून माहीत आहे, तेव्हा ‘करते’ असे लिहू नकोस. भाऊजींची साखर, कुंडीतला कढीपत्ता आणि वरच्या मजल्यावरचे भाडेकरू यांचीही खबर दे. इकडे सगळे बरे आहेत. तुझ्या भावजयीला, शकुला, इथला वारा सोसत नाही, आणि वारा पडला की तिला करमत नाही. हरीश सकाळच्या ट्रेनने वेलिंग्टनला जातो, सूनबाई स्नेहलता घरूनच काम करते, नात जुई विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. मी बरा नाही. म्हणजे प्रकृतीने बरा आहे. माझ्यावर अन्याय झाला आहे.

आधी थोडक्यात सांगतो. इथल्या आपल्या बौद्ध मंडळाचा अध्यक्ष मी व्हायचा होतो आणि चौदा एप्रिलला जयंतीचे अध्यक्षीय भाषण मी करायचे होते. अध्यक्ष जुई झाली. (होय, आपलीच जुई. भाकरीला फ्लॅटब्रेड म्हणते ती.) आणि हे ज्या घटनेप्रमाणे झाले ती घटना मी लिहिली आहे.

आता सविस्तर. या देशात नवा कायदा आला आहे. नोंदणी केलेल्या प्रत्येक मंडळाने, मग ते बुद्धिबळाचे असो की भजनाचे, पुन्हा नोंदणी करायची आणि सोबत लेखी घटना जोडायची. ठीक. पण ताई, या देशाला स्वतःला एका पुस्तकात बांधलेली घटना नाही! मला आधी खरे वाटले नाही. तीस वर्षे मी पुलगावच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवले, पण न्यूझीलंड अभ्यासक्रमात नव्हते. शेजारच्या म्हाताऱ्याला (दिवसभर कुंपणाची झुडपे कापत असतो) विचारले, तुमची घटना कुठे मिळेल? तो म्हणाला, थोडी या कायद्यात आहे, थोडी त्या कायद्यात, थोडी वाइटांगीच्या करारात (इंग्रजांनी माओरींशी केलेल्या), बाकीची लोकांना ठाऊक असते. ठाऊक असते! आणि असा देश आमच्या मंडळाकडे लेखी घटना मागतो. मंडळ वर्षातून चार वेळा जमते आणि त्यातला निम्मा वेळ पुलाव गरम करण्यात जातो. हे मी हरीशला बोलून दाखवले. तो म्हणाला, “बाबा, पण इथे सगळं नीट चालतं ना?” चालते. हाच माझा आक्षेप आहे.

सरकारच्या वेबसाइटवर घटनेचा तयार नमुना मिळतो. रिकाम्या जागेत मंडळाचे नाव भरले की झाली घटना. आमची सचिव मृदुला (ऑफिसात माणसे नेमण्याचे काम करते, त्यामुळे सगळ्यांशी हळू आवाजात बोलते) म्हणाली, “काका, तेच भरून टाकू या का? सिंपल.” मी उभा राहिलो. म्हणालो, ज्या समाजाच्या माणसाने एवढ्या मोठ्या देशाची घटना लिहिली, त्या समाजाने नमुन्यात नाव भरायचे? मग टाळ्या झाल्या आणि काम माझ्या गळ्यात पडले. अमेरिकेची घटना समोर ठेवून मी लिहायला बसलो.

तू विचारशील, आपली घटना घरात असताना अमेरिकेची कशाला? सांगतो. ‘आम्ही, भारताचे लोक’ हे शब्द उचलायचे आणि भांडी कोणी घासायची या नियमांच्या डोक्यावर ठेवायचे, हे माझ्याने झाले नाही. ते पुस्तक मी हात धुऊन उघडतो. अमेरिकेच्या घटनेशी माझे नाते शिक्षकाचे आहे. तिच्यात खडूच्या हाताने बोट घालता येते. शिवाय ती आटोपशीर आहे. तेव्हा तिच्यातून सत्तेची विभागणी घेतली: कार्यकारी मंडळ, सर्वसाधारण सभा आणि हॉलच्या चावीवरून होणाऱ्या भांडणांसाठी न्यायमंडळ. एकाने दुसऱ्याला आवरायचे, दुसऱ्याने तिसऱ्याला. अध्यक्षाला नकाराधिकार. घटनादुरुस्तीला तीनचतुर्थांश सभासदांची संमती, म्हणजे कोणी उठून सहज काही बदलू नये. शकुला वाचून दाखवले. तिने विचारले, “स्वयंपाकघर कोणाकडे?” मी म्हणालो, कार्यकारी मंडळाकडे. “मग पातेली त्यांनीच घासायची,” ती म्हणाली आणि टीव्ही लावला. (एका वाक्यात तिने माझे एक कलम पक्के केले, हे तिला कळलेही नाही.)

आता शुभमकडे येतो, कारण सगळे त्याच्यामुळे झाले. हा मुलगा शिकायला ऑकलंडला आला, ईस्ट टामाकीत कुठल्याशा गोदामात राबला, आता बढती घेऊन गेल्या वर्षी इकडे आला. सभेला जँडल्स घालून येतो. जँडल्स म्हणजे आपल्या रबरी चपला, ज्या घालून तू मला दळणालाही जाऊ दिले नसतेस. मला म्हणतो, “काका, यू आर अ लेजंड.” म्हाताऱ्यांना गाडीतून ने-आण करतो, स्पीकर उचलतो, जुन्या बायकांना नावाने ओळखतो. एकूण, निवडून येण्याची सगळी तयारी. आणि म्हणे जयंतीला भाषणे कमी करू, लोकांना बोअर होते. बोअर! त्याला आवरणे हे मी घटनाकाराचे कर्तव्य समजलो. अमेरिकेत एक कलम आहे, राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक असला पाहिजे. ते मी उचलले. मंडळाचा अध्यक्ष जन्मतः सभासद असावा. व्याख्या दिली: ज्याच्या जन्माच्या वेळी त्याचे आईवडील मंडळाचे सभासद होते तो. काल आलेला माणूस आपोआप बाहेर. पस्तीस वर्षे वयाची अटही घेतली होती. ती मृदुलाने काढायला लावली, म्हणे तरुण आधीच येत नाहीत. मी सोडून दिली. मोठ्या मनाने सोडली.

मूळ कलमात पुढे एक तुकडा आहे. जन्मतः नागरिक, ‘किंवा ही घटना स्वीकारताना जो नागरिक असेल तो.’ हा तुकडा मी वर्गात दरवर्षी गाळत असे. परीक्षेला येत नसे. इथेही गाळला. तो तुकडा त्या लोकांनी स्वतःसाठी घातला होता, ताई! देशच नवा, तर त्या देशात जन्मलेला म्हातारा आणणार कुठून? त्यांचे पहिले सात अध्यक्ष इंग्रज राजाचे प्रजाजन म्हणून जन्मले होते. एवढे महत्त्वाचे वाक्य असे दोन स्वल्पविरामांमध्ये कोंबून ठेवतात का? त्याला वेगळी ओळ द्यायला काय झाले होते?

घटना फेब्रुवारीत एकमताने मंजूर झाली. कोणी वाचली नव्हती, जेवण थंड होत होते. गेल्या रविवारी निवडणूक. शुभमने अर्ज दिला. मी उठलो, कलम वाचले, व्याख्या वाचली आणि शांतपणे बसलो. शुभम हसला. “फेअर इनफ, काका. स्वीट अ‍ॅज.” (म्हणजे इथल्या बोलीत, काही हरकत नाही.) मग मी माझा अर्ज पुढे केला. मृदुला हळू आवाजात म्हणाली, “काका, तुमचा जन्म?”

“पुलगाव.”

“मंडळ तर हरीशदादाच्या गॅरेजमध्ये सुरू झालं.”

“बरोबर.”

“म्हणजे तुमच्या जन्माच्या वेळी तुमचे आईवडील मंडळाचे...”

ताई, आपले आईबाप बापडे आयुष्यात वर्ध्याच्या पलीकडे गेले नाहीत. मी पुन्हा कलम वाचले. हरीश जमिनीकडे पाहत होता. त्याचे खांदे हलत होते. मग सगळ्यांनी सभागृहात जन्मतः सभासद शोधायला सुरुवात केली. बहुतेक सगळे शाळेत जाणारे होते, त्यांतला एक तर टेबलाखाली होता. सज्ञान अशी एकच निघाली. ती मागे उभी राहून फोन चार्ज करत होती. “व्हॉट? मी? नो वे,” म्हणाली. घटनेत नकाराची तरतूद नव्हती.

तेव्हापासून मी अध्यक्षांच्या घरात राहतो. शकु तिला चहा नेऊन देते आणि मला सांगते, “तुझा तू घे, तू सामान्य सभासद.” जुईने पहिला आदेश काढला: जयंतीला प्रत्येक वक्त्याला पाच मिनिटे. माझ्या भाषणाची नुसती प्रस्तावना तेवढी आहे. मी तिला म्हणालो, हा अधिकार तुला कोणी दिला? तिने कलम दाखवले. मराठी वाचायला येत नाही म्हणते, पण ते कलम बरोबर सापडले.

असो. मनाला लावून घेऊ नकोस. भाऊजींना जय भीम, मुलांना आशीर्वाद. व्यायाम कर.

तुझा,
मारोती

ता. क. या रविवारी घटनादुरुस्ती आहे. तो गाळलेला तुकडा परत घालण्याचा प्रस्ताव मी दिला आहे. तीनचतुर्थांशाला एक मत कमी पडते. गेल्या वर्षी तू इथे आलीस तेव्हा जेवणाची नोंद समजून एका कागदावर सही केली होतीस. ती सभासदत्वाची होती. तू अजून सभासद आहेस. ‘दुरुस्तीला संमती’ असे लिहून, सही करून फोटो पाठव. खरे म्हणजे पत्र त्यासाठीच आहे.

ता. क. २. थांब, पाठवू नकोस. शुभम आत्ताच येऊन गेला. तोही माझ्या बाजूने मत देणार आहे, आनंदाने. घटना स्वीकारताना तोही सभासद होता, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तुकडा परत आला की तो परत आला, आणि लोक त्यालाच निवडतील. विरोधात मत दे. अध्यक्ष निदान घरातला राहील.

ता. क. ३. हे पाकिटात घालत होतो, तर जुई खोलीत आली. घटना इंग्रजीत करून घेऊन तिने पूर्ण वाचली आहे. (पूर्ण वाचणारी ती पहिली.) पलंगावर बसली. म्हणाली, “आजोबा, आय डोन्ट गेट इट. जन्मावरून? आपल्या मंडळात?” मी सांगू लागलो की अमेरिकेत त्या काळी परकी सत्तेची भीती होती. मध्येच तुझा चेहरा समोर आला, ताई. शाळेत तुला पाणी वरून ओतत, तेव्हाचा. मी लिहिताना, वाचताना आणि कलम दाखवून बसताना एकदाही आला नव्हता.

माझा प्रस्ताव मागे घेतला आहे. जुई नवा मांडते आहे: ‘जन्मतः’ हा शब्दच काढायचा, कोणीही सभासद उभा राहू शकतो. तिचे पद जाईल. शुभम येईल. जुईच्या प्रस्तावाला संमती लिहून पाठव, रविवारच्या आत. सूचक जुई, अनुमोदक मी.