माझं मत उपाध्यक्षाला

२१ ऑगस्ट, गुरुवार

ही वही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, म्हणून स्पष्टच लिहितो. माझ्या मनात काळा-गोरा असा भेद नाही. कधीच नव्हता. लेम पेटवे काळा आहे आणि सत्तावीस वर्षं आम्ही पोलादाच्या कारखान्यात एकाच भट्टीवर राबलो. कारखाना बंद झाला त्या दिवशी गेटबाहेर तो रडला, मीही रडलो. आणखी काय पुरावा हवा?

आज लेम घरी आला. पायरीवर उभा राहून बोलला. आत ये म्हणालो नाही, कारण बायकोनं, बर्नीनं, फरशी पुसली होती. (दुपारी. तो सकाळी आला होता. पण पुसणार होती.)

युनियनचं काम घेऊन आलाय. सिनेटर वेदरबी अध्यक्षपदाला उभे आहेत (तेही काळे आहेत, पण त्याचा इथं काही संबंध नाही), त्यांच्यासाठी आपल्या भागात घरोघरी जायचंय. म्हणाला, "मी एकटा गेलो तर टीव्हीचा आवाज बंद होतो आणि दार काही उघडत नाही. तू बरोबर असलास तर माणसं निदान जाळीच्या दारापर्यंत तरी येतील."

मी म्हणालो, वेदरबी माणूस चांगला आहे, शिकलेला आहे, बोलतो छान. पण मी आधी उपाध्यक्ष कोण ते बघतो. उद्या काही बरंवाईट झालं तर खुर्चीवर तोच बसणार ना.

लेमनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. "बघ मग," म्हणाला.

निश्चय: शांत डोक्यानं अभ्यास करून ठरवायचं. घाबरून ठरवायचं नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

वेदरबींनी उपाध्यक्षपदाचा जोडीदार जाहीर केला. डोनेगन. वय पासष्ट, गोरा, कॅथलिक, बाप रेल्वेत इंजिनवर कोळसा टाकायचा. वाढला इथून चाळीस मैलांवर.

गेल्याच आठवड्यात मी बर्नीला म्हणालो होतो, असा कुणी घेतला तर डोळे मिटून मत देईन. असा कुणी घेणार नाहीत याची खात्री होती म्हणून म्हणालो होतो.

बर्नी स्वयंपाकघरातून ओरडली, "वॉल्टर, तुझा माणूस आला बघ! मीट आता डोळे!"

पंधरा मिनिटांत लेमचा फोन. मी हो म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर तळहात ओले झाले होते. उन्हाळा आहे.

३० ऑगस्ट, शनिवार

पाठ धरली. लेम एकटाच गेला.

६ सप्टेंबर, शनिवार

पाऊस येईल असं वाटलं. आला नाही. लेम एकटाच गेला. चौदा घरं केली, तीन दारं उघडली.

९ सप्टेंबर, मंगळवार

लेमनं अंगणात लावायला पाटी आणून दिली. वर मोठ्या अक्षरांत वेदरबी, खाली लहान अक्षरांत डोनेगन. समोर एड सबोलचं घर. एडकडे हरणं मारायच्या तीन बंदुका आहेत आणि ड्यूक नावाचा वासराएवढा कुत्रा. माझा त्याच्याशी काही वाद नाही. वाद होऊ नये म्हणून मी आजवर त्याच्याशी सहमतच झालोय.

पाटी लावली. घाबरतो की काय मी! फक्त हायड्रेंजियाच्या झुडपामागे लावली, उन्हानं रंग उडू नये म्हणून. झुडूप जरा उंच आहे. रस्त्यावरून बघितलं तर एका फांदीखालून फक्त 'डोनेगन' दिसतं.

संध्याकाळी एड कुंपणाशी आला. म्हणाला, "डोनेगन कोण? छपरांची कामं करतो का? जाहिरात लावलीस त्याची."

मी म्हणालो, हो, बरी करतो.

एड हसला. खूप वेळ हसला. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही आणि लावायचाही नाही.

१५ सप्टेंबर, सोमवार

टपालपेटीत कागद. सही नाही, तिकीट नाही. एकच ओळ: 'झुडपामागचं पण वाचता येतं आम्हाला.'

चार वेळा वाचला. अक्षर एडचं नाही. एडचं अक्षर मी पाहिलेलं नाही, पण हे त्याचं नसावं. मग कुणाचं? गल्लीत एकवीस घरं आहेत. सगळ्यांशी माझं चांगलं आहे. म्हणजे एकवीसही असू शकतात.

पाटी गॅरेजमध्ये ठेवली. वारा सुटला होता.

१६ सप्टेंबर, मंगळवार

बर्नीनं पाटी गॅरेजमधून काढून अंगणाच्या मधोमध ठोकली. हातोडी माझीच. मी म्हणालो, अगं, काचा फोडतील. ती म्हणाली, "फोडू देत. पुसायचं तरी वाचेल."

तेव्हापासून मी पुढच्या खोलीत बसत नाही. मागच्या खोलीत उजेड चांगला येतो.

२७ सप्टेंबर, शनिवार

चर्चच्या तळघरात पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या करंज्या, भरायला गेलो. दर वर्षी जातो, बटाटे कुस्करायचं काम माझ्याकडे असतं. टेबलाभोवती दहा-बारा जणी, आणि बोलणं सगळं निवडणुकीचं.

समोरच्या बाजूनं जनरल स्टॉडर्ड उभे आहेत आणि उपाध्यक्षपदाला त्यांनी लिंडक्विस्टबाईंना घेतलंय. आमच्या बायका खूश. एकजण म्हणाली, "ती आपल्या घरातली वाटते गं. कढईत कांदा परतताना बोलावं तशी बोलते." दुसरी म्हणाली, "तो डोनेगनही वाटतो की घरातला. पण तो खाली आहे. वर कोण आहे ते बघ ना."

वर कोण आहे ते कुणीच बोललं नाही. सगळ्या पिठाकडे बघत होत्या. मग सुरू झालं. माझ्या मनात तसलं काही नाही, पण त्याला अनुभव कमी पडतो. तसलं काही नाही, पण त्याची बायको फार ताठ आहे. तसलं काही नाही, पण एकदम एवढं नको. मी मोजलं, नऊ वेळा 'पण' आला.

माणसं स्वतःला कशी फसवतात, जवळून बघायला मिळालं. मी फक्त ऐकत होतो. दहावा 'पण' माझा होता, पण तो त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज गेलो! लेमबरोबर नऊ घरं केली. योजना अशी होती की मी पुढे आणि तो मागे. प्रत्यक्षात तो दाराशी आणि मी फुटपाथवर यादी घेऊन, कारण माझं अक्षर चांगलं आहे. टोपी खाली ओढली होती. थंडी होती.

म्हाताऱ्या युर्कोबाईंनी दार उघडलं. लेम समोर उभा, पण बाई त्याच्या खांद्यावरून माझ्याशीच बोलल्या. "वॉल्टर, आई कशी आहे रे?" आई जाऊन सहा वर्षं झाली. मी बरी आहे म्हणालो. वाद कशाला.

लेमनं विचारलं, मत कुणाला देणार? बाई मलाच म्हणाल्या, "मी डोनेगनला देणार. चांगल्या घरचा आहे."

लेम म्हणाला, "मावशी, दोघांचं मत एकच असतं. एकाला दिलं की दोघांना जातं."

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "बरं. वरचं नाव मी वाचणारच नाही."

फाटकाबाहेर येईपर्यंत लेमनं हसू दाबलं. "लिही, होकार. न वाचता दिलेलं मतसुद्धा मतच असतं." मीही खूप हसलो. काय अडाणी बाई! एवढी साधी गोष्ट कळू नये?

निश्चय: पुढच्या शनिवारी दाराशी मी उभा राहणार.

१८ ऑक्टोबर, शनिवार

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

अकरा वाजता आमचीच गल्ली उरली होती. मी म्हणालो, एडला सोड. लेम म्हणाला, "का? सहा वर्षं तो आपल्या भट्टीवर होता. त्याच्या लग्नात मी खुर्च्या मांडल्या. ओळखतो तो मला." मी गाडीतच थांबलो. इंजिन गार पडू नये म्हणून.

लेमनं घंटा वाजवली. एड बाहेर आला, मागून ड्यूक, साखळीशिवाय. लेमनं त्याला नावानं हाक मारली. एड म्हणाला, "माझ्या जागेतून चालता हो." लेम म्हणाला, "एड, अरे मी लेम." एड म्हणाला, "दिसतंय मला कोण आहे ते."

लेम वळला. पळाला नाही. कुत्र्यासमोर पळायचं नसतं, त्याला माहीत आहे. सावकाश गाडीकडे येत होता आणि ड्यूक त्याच्या मागे गुरगुरत होता. तेवढ्यात एड ओरडला, "वॉल्ट! हा तुझ्याबरोबर आहे का?"

काच बोटभर उघडी होती. मी म्हणालो, "मी फक्त गाडी चालवतोय."

मग कुत्र्यानं धाव घेतली. लेमनं दाराचा दांडा ओढला. दार उघडलं नाही. परत ओढला. काचेतून माझ्याकडे बघितलं. मी सगळं बघत होतो. मला हात हलवता येईना.

बर्नी आमच्या अंगणातून पानं गोळा करायचं दाताळं घेऊन धावत आली आणि तिनं ते कुत्र्याच्या पाठीत घातलं. मग एडनं कुत्र्याला हाक मारली. मग.

लेमच्या हाताला अकरा टाके.

गाडीची दारं आपोआप लॉक होतात. नव्या गाड्यांत तशी सोय असते.

माझी गाडी जुनी आहे.

२० ऑक्टोबर, सोमवार

लेमच्या घरापर्यंत गेलो. समोर गाडी लावून बसलो. खिडकीत त्याची बायको दिसली म्हणून परत आलो. ती कामात असेल.

बर्नी शनिवारपासून माझ्याशी बोललेली नाही. आज बोलली. म्हणाली, "येत्या शनिवारी लेमबरोबर मी जाणार." मी म्हणालो, तुला भीती नाही वाटत? ती म्हणाली, "वाटते ना." आणि कोबी चिरायला लागली.

१ नोव्हेंबर, शनिवार

बर्नी आणि लेमनं दोन शनिवारांत बासष्ट घरं केली. त्याचा हात गळ्यात बांधलेला. कुणी विचारलं तर तो म्हणतो, कुत्रं चावलं. कुणाचं ते सांगत नाही. गाडीत कोण होतं तेही नाही. हे मला बर्नीनं सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

निश्चय, शेवटचा: मंगळवारी सगळं भरून काढायचं. मतदानाच्या कप्प्यात पडदा असतो. तिथं एड नाही, गल्ली नाही, टपालपेटी नाही. माझ्यासारख्या माणसाला तेवढीच जागा हवी होती.

४ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी ४

मत देऊन आलो. अग्निशमन केंद्रात रांग होती. पुढे मी, मागे बर्नी. एड बाहेर त्याच्या ट्रकला टेकून कॉफी पीत होता. मला बघून त्यानं कप उंचावला. मीही हात उंचावला. सवय.

आत गेलो. पडदा ओढला. मतपत्रिकेवर सगळ्यात वर वेदरबी आणि त्याखाली डोनेगन. दोघांना मिळून एकच गोल. पेन उचललं.

मनात म्हटलं, तू डोनेगनला देतोयस. वरचं वाचू नकोस. पण वाचून झालं होतं.

हा निवडून आला तर काय वाईट होईल, ते प्रामाणिकपणे शोधलं. कर वाढतील? ते सगळेच वाढवतात. युद्ध होईल? जनरल दुसरीकडे आहेत. काहीच सापडलं नाही. नुसती भीती होती, तिला पुढे काही नव्हतंच. स्टॉडर्डचा गोलही बघितला. तिथं पेन नेलं तर लेम काचेतून बघताना दिसला. पेन मागे घेतलं.

खालचं सगळं भरलं. न्यायाधीश, आमदार, वाचनालयाचा कर. मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही मत दिलं, त्याचं नाव आज पहिल्यांदाच वाचलं. वरचा गोल तसाच.

मशीनमध्ये कागद घातला तर ते केवढ्यानं किंचाळलं. टेबलावरची बाई म्हणाली, "काका, अध्यक्षाचा रकाना रिकामा राहिलाय. कागद परत देऊ का? भरून टाका." सगळी रांग माझ्याकडे बघत होती. बर्नी दोन हातांवर होती.

मी म्हणालो, नको, असू दे.

५ नोव्हेंबर, बुधवार

वेदरबी निवडून आले. आपलं राज्यही त्यांना मिळालं. आपला वॉर्ड नाही.

सकाळी सातला लेमचा फोन. आधी नुसता श्वास ऐकू येत होता, मग कळलं, रडतोय. म्हणाला, "वॉल्ट, आपण केलं रे." आपण म्हणाला.

मग म्हणाला, "खरं सांगतो. दोन आठवडे मी तुझ्यावर फार चिडलो होतो. बायकोला म्हणालो, त्याचं तोंड बघणार नाही. मग विचार केला, कुत्र्याला माणूस घाबरतो. शेजाऱ्याला घाबरतो. पण पडद्याआड कुणी नसतं. तिथं वॉल्ट माझ्या बाजूनं उभा राहील. तेवढं धरून बसलो होतो. उभा राहिलास ना?"

बर्नी सिंकपाशी पाठ करून उभी होती. तिच्या हातातली बशी थांबली.

मी म्हणालो, "राहिलो."

लेम म्हणाला, "मला ठाऊकच होतं." रविवारी दोघांनी जेवायला या म्हणाला. त्याची बायको मोठा हॅम करणार आहे, मुलं येणार आहेत, मुलांना तो मला भेटवणार आहे. सत्तावीस वर्षं भट्टीवरच्या गोष्टी सांगतोय त्यांना. त्याच्या घरी मी अजून गेलेलो नाही.

फोन ठेवला. बर्नी वळलीच नाही. नळ सोडून म्हणाली, "मी जाणार आहे. तू त्याला काय सांगायचं ते तूच ठरव."

ठरवायचंय. आज बुधवार. अजून चार दिवस आहेत.