जिन्याशेजारचा खांब

लातूर
गुरुवार, ११ जुलै २०२४

प्रिय आलोबा,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबा जळकोटला पंचायत समितीत फायली चाळत बसलेत. आईने तुझ्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवली आहे आणि ती नांदेडला कुणाबरोबर धाडायची यावरून दोघांचा रोज वाद होतो. इथे आत्याचे गुडघे होते तसेच आहेत.

वॉर्डन सरांनाही नमस्कार. मुलांची पत्रं उघडून वाचली जातील असं तुमच्या होस्टेलच्या नियमावलीत छापलंच आहे, म्हणजे हे पत्र तुझ्याआधी त्यांचं. तुमच्याकडे मोबाइलबंदी नसती तर मी तुला जन्मात पत्र लिहिलं नसतं, हेही त्यांना कळू दे.

काल सकाळी सव्वासातला तुमच्याकडे जमीन हलली म्हणे. मला इथे काही जाणवलं नाही, पण आत्या म्हणते पातेल्यावरची झाकणी वाजली. ती जी अंगणात जाऊन बसली ती दहापर्यंत आत आली नाही आणि मला दुकानात जायला उशीर झाला. रविवारी वॉर्डन सरांच्या फोनवर पाच मिनिटं बोलायला मिळेल तोवर दम निघेना, म्हणून लिहायला बसले.

तू कितव्या मजल्यावर आहेस? पलंग कुठल्या भिंतीला आहे? आणि एक काम कर. रस्त्याच्या बाजूने पाहिलं तर जिन्याशेजारी एक खांब आहे. पहिल्या मजल्याच्या खिडकीपासून वर तिरकी भेग गेलेली दिसते का, तेवढं बघ. मला आपली उगाच काळजी.

माझं म्हणशील तर दहा ते चार दुकान आणि साडेचार ते साडेसहा ऑनलाइन ग्राफिक डिझाइनचा क्लास, दोन्ही एकाच खुर्चीवर. बसलिंगप्पा काका दुकानाचा कॉम्प्युटर क्लासला वापरू देतात, बदल्यात मध्येच फ्लेक्सचं गिऱ्हाईक आलं तर मी बघायचं. परवा मॅडम पुण्याहून रंगसंगती समजावून सांगत होत्या आणि माझ्या खांद्याशी उभा राहून एक जण म्हणत होता, "ताई, माझा फोटो भाऊच्या फोटोएवढाच घ्या की, लई बारका दिसायलाय." माइक चालू होता. सगळा क्लास दोन मिनिटं हसत होता.

मेडिकलच्या रिझल्टचे फ्लेक्स अजून चालूच आहेत. पोरं टी-शर्टातले फोटो पाठवतात, मग मी त्यांना कोट चढवते. एकच निळा कोट आतापर्यंत साठ-सत्तर डॉक्टरांना घातला असेल. तुझ्या मापाचा करून ठेवू का?

खांबाचं विसरू नकोस.

तुझी ताई,
देविका

*

लातूर
सोमवार, २२ जुलै २०२४

प्रिय आलोक,

आशीर्वाद. तुझं पत्र शनिवारी मिळालं. अक्षर आताच डॉक्टरांसारखं झालं आहे, तेवढी तरी प्रगती दिसली. चटणी पोचली हे वाचून आई खूश आहे.

दुसरा मजला, पलंग जिन्याच्या भिंतीला लागून. बरं.

खांबावर भेग नाही, उलट मागच्या आठवड्यात मिस्त्री येऊन पुट्टी लावून गेला, वर नवा रंग दिला, आता एकदम झक्कास दिसतो असं तू लिहिलं आहेस. छान झालं. वॉर्डन सरांनी तुला बोलावून "तुझ्या बहिणीला खांबाचं काय माहीत, ती कधी आली होती इकडं?" असं विचारलं, तेही वाचलं. त्यांना सांग, ताईला उगाच काळजी करायची सवय आहे. दिवसभर इमारतींचे फोटो पाहून डोकं फिरलं आहे तिचं. मनावर घेऊ नका.

एक विचारायचं होतं. माधवमामाच्या मुलीचा साखरपुडा ठरला आहे. दोन दिवस रजा मिळेल का? टेस्ट आहे हे मला ठाऊक आहे. तरी विचार. नाहीच मिळाली तर उकाडा फार आहे, गच्चीवर नको, खाली पटांगणात झोपायची परवानगी माग. दोघं-तिघं मिळून मागा म्हणजे मिळेल.

क्लासमध्ये आता अक्षरांची वळणं शिकवत आहेत. माझं लक्ष लागत नाही. मॅडमनी दोनदा नाव घेतलं तरी मला ऐकू आलं नाही.

अभ्यास कर, पण पलंग दुसऱ्या भिंतीला सरकवता येतो का बघ.

तुझी ताई

*

लातूर
शनिवार, ३ ऑगस्ट २०२४
संध्याकाळ

आलू,

आशीर्वाद. हे पत्र पोस्टाने येणार नाही. सिद्धेश्वरदादा तुझ्या हातात देईल. आमच्या दुकानाचे फ्लेक्स लावायला तोच जातो. हे वॉर्डनला दाखवू नकोस.

रजा नाकारली, पटांगणही नाकारलं, आणि साखरपुड्याची थाप मारली म्हणून आईने मला फोनवर झापलं. या सगळ्याचं खरं कारण मी तुला सांगितलं नाही. आता सांगते.

त्या खांबावर भेग होती. मला ती माहीत होती, कारण ती मीच पुसली.

तुमचे क्लासवाले सर बसलिंगप्पा काकांचे पाहुणे लागतात, त्यामुळे त्यांचं छपाईचं काम नांदेडहून आमच्याकडे येतं. एप्रिलमध्ये नव्या होस्टेलच्या पॅम्प्लेटसाठी फोटो आला. खाली निरोप होता, "खांबावरचं ते घाण दिसतंय, काढून टाका." मार्चमध्ये तुमच्याकडे जमीन हलली होती, त्यानंतरचा तो फोटो. पण मी तारीख कशाला बघते? चार वाजून गेले होते, क्लास सुरू व्हायचा होता, आणि आदल्या दिवशी मॅडमनी गृहपाठ दिला होता की एखाद्या फोटोतला दोष असा काढा की काढलेला कळता कामा नये. मला वाटलं, बरंच झालं. दुकानाचं काम आणि गृहपाठ एकदमच उरकेल.

चाळीस मिनिटं लागली. शेजारच्या भिंतीचा चांगला भाग उचलायचा आणि भेगेवर बसवायचा, असं ते काम. भेग बारीक नव्हती, आलू. मधोमध काळी होती आणि एका ठिकाणी आतली गंजलेली सळई दिसत होती. त्या सळईने मला फार छळलं, काही केल्या रंग जुळेना. मला तेव्हा एवढाच त्रास होता, की रंग जुळत नाही. दुसऱ्या दिवशी मॅडमनी आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही फोटो सगळ्या क्लासला दाखवले आणि विचारलं, "इथं काही होतं असं सांगता येईल कुणाला?" कुणालाच येईना. मला पूर्ण गुण मिळाले.

मी ते पॅम्प्लेट बाबांना पाठवलं. तुला माहीत आहे, माझ्या क्लासचा विषय निघाला की ते "चित्रं काढून काय व्हायलंय" म्हणून उठून जायचे. त्या दिवशी त्यांनी ते सगळ्या ऑफिसात दाखवलं. "आमच्या देवीनं केलंय," म्हणाले. मी तो फोन ठेवल्यावर रडले होते. आणि तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन आला की आलोकला तिथंच टाकायचं ठरवलंय, पॅम्प्लेटवरची इमारत पाहिली, एकदम पक्की आहे.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. बाबांनी जन्मात पहिल्यांदा माझं कौतुक केलं होतं आणि ते मला घालवायचं नव्हतं. एवढंच कारण आहे, दुसरं काही नाही. मनाची समजूत काढली की एवढा मोठा क्लास, त्यांनी दुरुस्ती केलीच असेल. मला याची लाज वाटते. तुझी पेटी एसटीच्या टपावर चढवताना मी हसून हात हलवत होते, ते आठवलं की मला माझाच राग येतो.

आणि पुट्टीचं काय झालं ते तुझ्या ध्यानात आलं असेल. माझं पहिलं पत्र वॉर्डनने वाचलं आणि आठ दिवसांत मिस्त्री आला. त्यांनी खांब दुरुस्त केला नाही, वरून सारवला. मी कॉम्प्युटरवर जे केलं होतं तेच त्यांनी खऱ्या खांबावर केलं.

मागच्या रविवारी मी जळकोटला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्या त्र्याण्णव सालात किल्लारीला आठ दिस दगडं उपसलेत. पडली ती समदी दगड-मातीची घरं. आरसीसीला काय बी होत न्हाई." मी सळईचं सांगितलं. तेव्हा ते म्हणाले, "तुझं शिक्षण थांबवून त्याला धाडलं, ते खुपतंय का तुला?" आई चुलीशी बसली होती, तिने मान वर केली नाही. मी शेवटच्या एसटीने परत आले. बाबा वाईट नाहीत रे. त्यांनी तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर त्यांचा विश्वास आहे, आणि माझ्यावर नाही.

परवा, गुरुवारी, दुकानात तुमच्या सरांची ऑर्डर आली. फ्लेक्स, चार फूट रुंद आणि तीस फूट उभा. बसलिंगप्पा काकासुद्धा बुचकळ्यात पडले. असा उभा पट्टा कुणी करत नाही, त्यावर धड एक चेहरा मावत नाही. त्यांनी फोन स्पीकरवर लावून विचारलं, तर सर म्हणाले, "मजकूर काय बी टाका. रविवारी दहाला पालक मेळावा आहे. खालपासून वरपर्यंत खांब झाकला पाहिजे."

म्हणजे पुट्टी टिकली नाही. भेग पुन्हा वर आली आहे आणि या वेळी ती रंगाने झाकण्यासारखी राहिलेली नाही. तुला आतून दिसत नसेल, कारण ती बाहेरच्या अंगाला आहे.

मी नांदेडला महापालिकेत आणि कलेक्टर ऑफिसात फोन केले. दोन्हीकडून सोमवारी लेखी अर्ज घेऊन या असं सांगितलं.

मग मी आज एक काम केलं. काका दर शनिवारी दुकानातल्या जुन्या फायली पुसून टाकतात, तिथे एप्रिलचा मूळ फोटो कधीच गेला होता. पण माझ्या ऑनलाइन क्लासमध्ये आधीचा फोटोही जमा करावा लागतो. तो तिथे होता. मी तो उतरवून घेतला, त्यातला खांब तेवढा कापला आणि चार बाय तीसच्या मापात मशीनला लावला. जवळून पाहिलं तर चौकोन चौकोन दिसतात, पण रस्त्यावरून भेग स्वच्छ दिसेल, सळईसकट. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, "हा खांब आतून असा आहे. पॅम्प्लेटमध्ये ही भेग मी पुसली होती. मुलांना बाहेर काढा." पुढे माझं नाव आणि मोबाइल नंबर.

अर्धा फ्लेक्स बाहेर आला तेव्हा काका मशीनपाशी आले. चष्मा लावून त्यांनी वरपासून वाचलं. सर त्यांचे पाहुणे, मी म्हटलं आता ते बटण बंद करणार. चष्मा काढून ते म्हणाले, "देविका, सोमवारपासून येऊ नगंस तू. मला त्यांच्यात उठावं-बसावं लागतं." मी मान हलवली. मग जाता जाता म्हणाले, "पर मशीन म्या बंद करत न्हाई." म्हणजे नोकरी गेली आणि कॉम्प्युटर गेला म्हणून क्लासही गेला. त्याचं मला आज काही वाटत नाही. उद्या-परवा वाटेल.

सिद्धेश्वरदादाला सगळं ठाऊक आहे. "त्या खांबाला शिडी बी लावणार न्हाई अन् खिळा बी ठोकणार न्हाई, गच्चीवरून दोरीनं सोडतो," म्हणाला. फ्लेक्स लावायचा आहे म्हणून त्याला आत सोडतील. मला सोडणार नाहीत, पालक कार्ड बाबांकडे आहे. मी पहाटेच्या गाडीने येते आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहते. लोक काय म्हणतील ते म्हणोत. सर पोलिसांत देतो म्हणाले तर देऊ देत.

तू मात्र फ्लेक्स उलगडायची वाट बघू नकोस. दादा नऊला पोचेल. त्याने पत्र दिलं की खोलीतल्या तिघांना सांग आणि निघा. वह्या, पेटी, काही घेऊ नका. कुणी अडवलं तर ताईला चक्कर आली, ती फाटकाबाहेर पडली आहे असं सांग. ही थाप माझ्या नावावर.

दुसऱ्या बाजूने उतर असं लिहिणार होते. पण पॅम्प्लेटसाठी मी त्या इमारतीचे चारही बाजूंचे फोटो पाहिले आहेत. जिना एकच आहे आणि तो त्या खांबालाच लागून आहे. म्हणून पळू नका. आरडाओरडा करू नका. एकामागून एक सावकाश उतरा आणि उतरताना भिंतीला हात लावू नका.

मला तू उतरलेला दिसायला हवास, बाकी काही नको.

जिन्याच्या दाराकडे डोळे लावून उभी असलेली,
तुझी ताई