आधी आई, मध्ये फुली

सौ. ताईस,

धाकट्याचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझा गुडघा काय म्हणतो? भावोजींचा बसलेला घसा उठला का, की तुलाच आता ती शांतता आवडायला लागली आहे? आम्ही मजेत आहोत, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. खरं तर सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. (आत्ताही उठून आलो. माशांच्या टाकीचा पंप बंद पडल्यासारखा वाटला. चालू आहे.)

तुला माहीतच आहे, आमच्या मत्स्यबीज केंद्रात ही माझी साहेब आणि मी टाक्यांवरच्या पाट्या रंगवणारा. दोन जातींच्या माशांचा संकर केला की पाटीवर आधी आईची जात, मग फुली, मग बापाची, असा या धंद्यातला नियम. माझ्या हाताला घराच्या दारावरच्या पाटीची सवय, म्हणून मी बापाला पुढे बसवलं. म्हटलं, माशांना कुठे वाचता येतंय. पण आई ठिपकेवाली आणि बाप लांबशेपट्या असला तर पिल्लं अगदी गरीब निघतात. उलट झालं तर एकमेकांच्या शेपट्या कुरतडतात. माझ्या पाटीवर विश्वास ठेवून एका दातांच्या डॉक्टरने गरीब म्हणून कुरतडणारे नेले आणि पेशंट बसतात त्या खोलीत ठेवले. पेशंट तोंड न उघडताच घरी जायला लागले. डॉक्टर बादली घेऊन परत आला आणि त्याने मला जे ऐकवलं, त्यात आईचं नाव बरोबर आधी होतं.

हिने तिथे डॉक्टरच्या हातातून बादली उतरवून घेतली. घरी आल्यावर तान्हीला मांडीवर घेऊन (नाक आपल्याकडचं आहे बरं का) शांतपणे म्हणाली, "माशाच्या आईला जो मान आहे, तो मला का नाही? हिच्या नावापुढे आधी माझं नाव लागेल, मग तुझं." मी स्वयंपाकघरातून गॅलरीत आणि गॅलरीतून स्वयंपाकघरात फिरत राहिलो. ताई, मला ते पटलं. बाळंतपणात तिचे झालेले हाल मी पाहिलेत. धडकी भरली ती आपल्या अण्णांच्या विचाराने. नातीच्या नावात मुलगा मागे गेलेला पाहून ते माझ्याशी बोलणं टाकतील.

तान्हीकडून आत्याला पापा.

तुझा,
धाकटा

ता. क. अण्णा रविवारी नात बघायला येणार आहेत. त्याआधी नावाचं तू त्यांच्या कानावर घाल. माझं बोलणं त्यांना मुळातच कमी ऐकू येतं.

ता. क. दुसरा. हिला बरं वाटावं म्हणून दारावरची पाटी परवाच नव्याने रंगवली. आधी हिचं नाव, मध्ये ठसठशीत फुली, मग माझं.

ता. क. तिसरा. शेजारच्या काकू आत्ताच सांगून गेल्या, अण्णा काल न कळवताच येऊन गेले. आम्ही कामावर होतो. माझ्या नावाशेजारी फुली बघून ते जिन्यातच बसले, "मोडला पोराचा संसार" म्हणाले, आणि आता तुझ्याकडे यायला निघालेत. फोन करावा तर भावोजी उचलतात आणि त्यांना आवाज नाही, म्हणून हे पत्र माशांच्या गाडीबरोबर पाठवतोय. ताई, त्यांना आधी पाणी दे. मग सांग, संसार शाबूत आहे. ते डोळे पुसत असतील, तेवढ्यात नावाचं उरकून घे.