आईने विचारलेला इंग्रजी शब्द

एडवण,
१७ मार्च १९६८

चि. चंद्रभान यास मंगलाताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. आम्ही ठीक आहोत. यंदा बोंबील इतके आले की वाळवायला बांबूच्या वलांड्या पुरेनात.

आई गेल्याचं तुला पंधरा दिवसांनी परक्याकडून कळलं, म्हणून पत्रभर रागावला आहेस. शेवटी एकच शब्द, ‘सॉरी’. रागावून वर सॉरी! साहेबांत राहून चांगला तयार झालास.

तो शब्द घेऊन मी गुरुजींकडे गेले. त्यांनी जाडजूड कोश काढला. म्हणाले, चूक झाली की म्हणतात, धक्का लागला तरी म्हणतात, एखाद्याला नाही म्हणतानाही म्हणतात. मूळ फार जुनं, दुखण्याला जो शब्द होता त्यातून आलेलं. ऐकून मला गुरुजींसमोरच रडू आलं.

कार्तिकातला तो रविवार आठवतो? वलांडीवरचे पहिले बोंबील लेकराघरी दिल्याशिवाय आई बाजाराला पाटी नेत नसे. तशीच तुझ्या क्वार्टरवर आली. मी बरोबर होते. तुझ्या प्रकल्पावरचा गोरा अमेरिकन साहेब खुर्चीत बसला होता. तू पाटीकडे बघून त्याला “सॉरी, सॉरी” म्हणालास आणि आईला मागच्या दाराकडे हात केलास, मासळीवालीला करतात तसा. बोंबील मात्र ठेवून घेतलेस.

वाटेत तिनं विचारलं, “सॉरी म्हंजे काय गं?”

मी म्हटलं, “ही माझी आई, असं साहेबाला सांगितलं त्यानं.”

“बरं,” म्हणाली. घर येईपर्यंत रिकामी पाटी तिनं मला धरू दिली नाही.

का कळवलं नाही, ते आता लिहिते. आई शेवटच्या दुखण्यात पडली तेव्हा मी तार करायला निघाले होते. आईनं हात धरला.

“चंद्रूला बोलवू नको. तो शब्द मी बोईसरच्या बाजारात रोज आयकते, मला ठावं हाय. रजा मागाया त्याला सायबाला परत सॉरी म्हनाया लागंल. माझ्यापायी एकदा म्हनला, तेवढं पुरे.”

मी परत फिरले, आणि ती गेल्यावरही तार केली नाही. मला तुझा राग आहे चंद्रभान, आणि तो जायचा नाही.

यायचं असेल तर ये, पुढच्या दारानं. पाटी ओट्यावर आहे. तुझा शब्द तिच्यापुढे म्हण, मला लिहू नको.

मैनाबाईची मुलगी,
मंगला