फकिराची सोळा पानं

प्रिय चिंगे,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले आणि हे माझं चौथं उत्तर. आधीची तीन फाडली. तुझे भाऊजी म्हणतात, बहिणीला लिहितेस की सरकारला? त्यांना काय कळतंय माझ्या डोक्यातला गुंता.

कॉन्व्हेंटमध्ये नऊ वर्षं काढूनही तुला आत काही म्हणजे काही जाणवलं नव्हतं, हे तू फक्त मला सांगितलं होतंस. मी लगेच म्हटलं होतं, मग ये की घरी. आणि आता लिहितेस, तुमच्यात जेवताना एकजण मोठ्याने पुस्तक वाचते, त्या दुपारी तुमच्या जुन्या मदरच्या आठवणी चालल्या होत्या, 'मी हाक मारली, आणि हाक मारणाराच उरला नाही' हे वाक्य आलं आणि चमचा, टेबल, तू, सगळं एकच होऊन गेलं. किती वेळ, ते तुलाही ठाऊक नाही. वाचून मी ढसाढसा रडले गं. मग आमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात जाऊन त्या पुस्तकाची उरलेली प्रत उघडली, कारण त्याची बांधणी माझ्याच हातची.

तिथेच घोळ निघाला. ते बांधलं त्या आठवड्यात माझ्या टेबलावर दोन पुस्तकं होती, एक तुमच्या मदरचं, दुसरं एका फकिराचं. कागद तोच, आकार तोच. सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक लावून आम्ही शिवतो. चौथ्या घडीचे गठ्ठे उचलताना माझा हात चुकला आणि मदरच्या पुस्तकात फकिराची सोळा पानं गेली, फकिराच्यात मदरची. पानांचे आकडेसुद्धा बरोब्बर जुळले, मग कोण कशाला बघतंय! दोन्हीकडे तिसरी घडी संपते तिथे वाक्य अर्धंच तुटतं. मदरनी लिहिलं होतं, 'मी हाक मारली, आणि माळी शिडी घेऊन आला.' फकिराचं होतं, 'रात्र सरली तेव्हा हाक मारणाराच उरला नाही.' तू ऐकलंस ते वाक्य दोघांनीही लिहिलेलं नाही. ते मी शिवलं.

तेव्हापासून दोन्ही पुस्तकं वाचतेय. ती प्रभू म्हणते, तो मालिक म्हणतो. बाकी, 'मी' म्हणून काही राहिलं नाही, हे दोघंही सारख्याच भाबडेपणाने सांगतात. की मीच अडाणी? फकिराचं पुस्तक छापून घेणाऱ्या त्याच्या शिष्याची माफी मागायला गेले तर तो हसून म्हणाला, "बाई, पानं घरातल्या घरातच गेली की." त्याला हसायला काय जातंय! व्रत काही त्याची बहीण घेत नाही.

त्या एका दुपारच्या जोरावर तू येत्या रविवारी कायमचं व्रत घेणार, म्हणून हे पत्र. त्याआधी तुला कळायलाच हवं. पण तू घरी यावीस असं मला नऊ वर्षं वाटत आलंय, त्यामुळे मी हे खरेपणाने सांगतेय की तुला मागे ओढायला, माझं मलाच उमगत नाही. तुला झालं ते खरं की खोटं, तेही मला विचारू नकोस. रविवारी मी येतेच आहे. तू व्रत घे, नाहीतर माझ्याबरोबर घरी चल. पण ठाऊक असून ताई गप्प बसली, असं तुला पुढे कधी कळायला नको.

तुझीच,
ताई