राणीच्या बागेतला पाऊण तास

प्रिय आई,

सासूला पत्र लिहिण्याची माझी ही पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा आपण एकाच घरात राहत होतो, लिहिण्याचा प्रश्नच नव्हता. आता लिहितेय, कारण परवा तुमचं वर्षश्राद्ध झालं आणि जेवणाच्या पंगतीत महेश सगळ्यांसमोर म्हणाला, "शेवटच्या वर्षात सुजातानं आईचा हात एक क्षण सोडला नाही." तुमच्या नणंदबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मी वाढायचं निमित्त करून पंगतीतून उठले.

कारण मी हात सोडला होता. तुम्हाला आणि मला, दोघींनाच ते माहीत होतं. आणि असा हात सोडणारी मी एकटीच, असं मला वाटत होतं.

तुमचं विसरणं वाढल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुम्हाला जुन्या, ओळखीच्या जागा दाखवत राहा. म्हणून मी ऑफिसातून सुट्टी घेतली आणि तुम्हाला विचारलं, कुठं जायचं? वाटलं होतं, एखादं देऊळ सांगाल. तुम्ही म्हणालात, राणीची बाग. लग्न होऊन मालवणातून लालबागला आलात, त्याच आठवड्यात बाबांनी तुम्हाला तिथं नेलं होतं म्हणे. सकाळी काय खाल्लं ते तुम्हाला सांगता येत नव्हतं, पण त्या दिवशीच्या साडीचा रंग पक्का आठवत होता.

टॅक्सीत तुम्ही खूश होतात. पेंग्विन पाहायला आत गेलो, तर त्या गारव्यात पदर अंगाभोवती घेत म्हणालात, "ह्यांका एसी, आणि आमका पंखो." पुढं उभ्या असलेल्या शाळेच्या बाईसुद्धा हसल्या. तुम्ही मला अजून तशाच दिसता.

बाहेर आल्यावर मी तुम्हाला बाकावर बसवलं आणि माझा फोन वाजला. ऑफिसचा होता. आजूबाजूला पोरांचा गलका, म्हणून मी थोडी लांब गेले. दोन मिनिटांत संपेल म्हणून घेतलेला फोन दहा मिनिटं चालला. इतका काही महत्त्वाचाही नव्हता. मागं वळले तर बाक रिकामा.

आधी स्वच्छतागृहात पाहिलं. मग वाघाच्या काचेपाशी, मग पुन्हा बाकाकडं. सुरक्षेवरच्या बाईंनी विचारलं, साडी कोणत्या रंगाची? आणि आई, मला सांगता येईना. सकाळी मीच तुमच्या निऱ्या धरल्या होत्या. मी पाणघोड्याच्या तळ्यात वाकून पाहिलं. काय शोधत होते तिथं, ते मी स्वतःलाही विचारलं नाही. महेशला फोन लावायला तीनदा मोबाइल काढला आणि तीनदा परत ठेवला. काय सांगणार होते?

पाऊण तासानं सापडलात, झाडांच्या भागात. उर्वशीच्या झाडाला फुलं आली होती, लाल, झुंबरासारखी खाली लोंबणारी. त्याखाली तुम्ही पाय पसरून बसला होतात आणि बागेत काम करणाऱ्या एक बाई शेजारी डबा खात होत्या. तुमच्या हातात त्यांच्या डब्यातली चपाती होती.

त्या मला म्हणाल्या, "मी विचारलं, आजी, कोणासोबत आलात? तर म्हणाल्या, सुनेसोबत. नाव विचारलं तर आठवेना. पण म्हणाल्या, ती शोधल्याशिवाय घरी जायची नाही."

हे ऐकल्यावर तरी मी शांत व्हायला हवं होतं. पण मी तुमच्यावर ओरडले. त्या बाईंसमोर, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर. तुमचं मनगट धरून उठवलं. तुम्ही एवढंच म्हणालात, "हळू गो. दुखता."

गेटपर्यंत मी तुमचं मनगट सोडलं नाही. टॅक्सीत बसल्यावर तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "महेशाक सांगू नको हां. तो मगे आपणाक खंय जावक देवचो नाय." मी मान हलवली. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी महेशनं तुमच्या मनगटावरचा लाल वळ पाहिला. तुम्ही म्हणालात, बांगडी रुतली असेल. त्या हातात तुम्ही बांगडी घालतच नव्हतात. महेशच्या ते लक्षात आलं नाही. तुम्ही मला वाचवत होतात, की खरंच विसरला होतात? पुढं सात महिने आपण एकत्र होतो, पण मी विचारलं नाही. मग न्यूमोनिया झाला आणि चार दिवसांत तुम्ही गेलात.

काल सकाळी चहा घेताना मी महेशला सगळं सांगितलं. फोन, पाणघोडा, वळ, सगळं. तो चिडेल अशी मनाची तयारी केली होती. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "माझ्याकडूनही हरवली होती. दादरला, मासळी बाजारात. तुमच्या बागेच्या आधी महिनाभर."

तो पापलेटचा भाव करत होता आणि तुम्ही गर्दीत दिसेनाशा झालात. अर्ध्या तासानं दुसऱ्या टोकाला एका कोळणीशेजारी पाटावर बसलेल्या सापडलात, तिच्याशी गप्पा मारत. आणि घरी येताना त्याला काय म्हणालात?

"सुजाताक सांगू नको. घाबरात ती."

आई, याबद्दल मी तुमच्यावर थोडी रागावलेय. तुम्ही आम्हा दोघांनाही सांभाळलंत, ठीक आहे. पण त्यानं मला सांगितलं असतं, तर मी तुम्हाला त्या बाकावर एकटं सोडलंच नसतं. मी त्याला सांगितलं असतं, तर तो वर्षभर रोज सकाळी तुमच्या फोटोसमोर मान खाली घालून उभा राहिला नसता. मला वाटायचं, तो प्रार्थना करतो. आम्ही दोघं एकाच घरात वेगवेगळे घाबरत होतो. अर्थात दोष तुमचा एकटीचा नाही. तुम्ही गप्प राहा म्हणालात आणि आम्हाला ते सोयीचं वाटलं.

काल तो ऑफिसला गेलाच नाही. दुपारपर्यंत आम्ही तुमच्याबद्दल बोलत होतो. तुम्ही गेल्यापासून आम्ही फक्त तुमचा चांगुलपणा बोलत होतो. काल पहिल्यांदा तुमचा हट्टीपणा आठवला, तुमचं फटकन बोलणं आठवलं. तो रडला, मीही रडले. मग त्यानं भात लावला आणि तो पार करपला.

आता एक शब्द देते. यापुढं या घरात कुणी घाबरलं, तर ते दुसऱ्याला सांगेल. लगेच, त्याच दिवशी. तुम्ही मध्ये राहून सांभाळायला आता नाही आहात, त्यामुळं आम्हालाच ते शिकावं लागेल.

तुमची सून,
सुजाता