सतरा क्रमांकाची व्यक्ती

तीर्थस्वरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे हे मी या खेपेला वरवर विचारत नाही. सकाळी उठल्यावर डोकं जड असतं का, जिना चढताना धाप लागते का आणि कमरेचा पट्टा कितव्या भोकात अडकतो, हे तिन्ही वेगवेगळं कळव. वहिनीला विचारून कळवलंस तर बरं. तुझ्या कमरेबद्दल तिचं मत जास्त निःपक्षपाती आहे. इकडे सर्व ठीक. (माझ्या डाव्या दंडावर एक वळ उठला आहे. विशेष काही नाही, पुढे येईल.) पत्र लिहिते आहे, कारण फोनवर मी तब्येतीचं नाव काढलं की तुझ्या दारावर नेमकं कोणीतरी येतं. गेल्या तीन महिन्यांत इतकी माणसं आली आहेत की तिथे एव्हाना रांग लागली असेल.

आमच्या आरोग्य केंद्रात दर गुरुवारी मी बीपी-शुगरचा दवाखाना चालवते हे तुला माहीत आहे. तो तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. वर पोचलेल्या प्रत्येकाचं बीपी वाढलेलंच निघतं, म्हणून मी आधी सगळ्यांना दहा मिनिटं बाकावर गप्प बसवते. (गप्प बसवणं हे माझं मुख्य काम. बीपी मोजणं त्यानंतर.) अकरा वर्षं हे चाललं आहे. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी बोलावून सांगितलं की आता वरून हुकूम आहे: जुनाट आजारांच्या प्रतिबंधाचं ऑनलाइन प्रशिक्षण ज्याने पूर्ण केलं, त्यालाच हा दवाखाना चालवता येईल. बाकीच्यांची बदली तळमजल्यावर, नोंदखोलीत. नोंदखोली तू पाहिली नाहीस. तिथे बंद झालेल्या केसेसच्या फायली आहेत, एक पंखा आहे आणि बोलायला कोणी नाही. मी त्याच दिवशी प्रशिक्षणात नाव घातलं.

प्रशिक्षण बारा आठवड्यांचं, आठवड्यातून एकदा दुपारी दोन ते पाच. कॅमेऱ्याला आपला चेहरा सतत दिसला पाहिजे. चेहरा गेला की पडद्यावर लाल अक्षरात येतं, ‘उपस्थिती खंडित’. पहिल्याच धड्याचं नाव होतं ‘बैठ्या जीवनशैलीचे धोके’. तो आम्ही तीन तास बसून पाहिला. मध्ये पडद्यावरच्या बाई म्हणाल्या, आता सर्वांनी उठून पाच मिनिटं चाला. मी उठले, उपस्थिती खंडित. बसले, पूर्ववत. शेवटी मोबाइल तोंडासमोर धरून मी तिसऱ्या मजल्याच्या व्हरांड्यात फेऱ्या मारल्या. पडद्यावर आणखी एकोणचाळीस डोकी तशीच हलत होती. प्रत्येकाच्या मागून एकेक व्हरांडा सरकत होता. कोणी हसलं नाही. आमच्या खात्यात हसणं नोंदवायला रकाना नाही.

तणावावरच्या धड्यात तर दीर्घ श्वासाची परीक्षा होती. दहा प्रश्न, प्रत्येकाला तीस सेकंद, आणि कोपऱ्यात उलटं चालणारं घड्याळ. चौथा प्रश्न असा की अस्वस्थ वाटल्यास प्रथम काय कराल. मी डोळे मिटून सावकाश श्वास घेतला. डोळे उघडले तेव्हा सहावा प्रश्न चालू होता. मी नापास. दुसऱ्या वेळी श्वास न घेता पास झाले.

शिवाय दर सात मिनिटांनी एक बटण उगवतं: ‘आपण आहात का?’ ते दाबलं नाही तर धडा पहिल्यापासून. एका दुपारी खाली इंजेक्शनला माणूस नव्हता, मला जावं लागलं. मी दवाखान्यातल्या एका जुन्या पेशंटला, निवृत्त मास्तरांना, खुर्चीवर बसवलं आणि बटण दाबायला सांगितलं. (चेहऱ्याचं काय, असं तू विचारशील. यंत्राला चेहरा लागतो. कोणाचा, हे ते विचारत नाही.) परत आले तर मास्तर वहीत टिपणं काढत होते. म्हणाले, “बाई, तुम्ही अकरा वर्षं मला मीठ कमी करा एवढंच सांगितलंत. का ते आज कळलं.” आता ते बाकावर बसलेल्या रांगेला शिकवतात. रांग त्यांचं ऐकते. माझं ऐकत नव्हती.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या आठवड्यात गृहपाठ आला: ‘पन्नाशी ओलांडलेली, घरातली, बदलाला तयार नसलेली एक व्यक्ती निवडा आणि दहा आठवडे तिच्या सवयींवर काम करा.’ दादा, तुझं वर्णन त्यांना कोणी दिलं, मला माहीत नाही. मी तुला निवडलं. रागावू नकोस, नाव कुठे नाही. तू तिथे ‘व्यक्ती क्रमांक सतरा’ आहेस.

कंबर लिहायची होती. तू मागे इथे विसरलेली तपकिरी पँट मी शिलाई मशीनवर झाकायला घेते, ती मोजली आणि त्यात सहा वर्षांचे चार इंच घातले. वजनासाठी आमची वेताची खुर्ची आठवली, जी तुझ्याखाली गेली. बाकी सवयी तोंडपाठ आहेत. मग सल्ला द्यायचा नाही, फक्त मोकळे प्रश्न विचारायचे, असं बाईंनी शिकवलं. मी फोनवर एकदम “दादा, मिठाबद्दल तुला काय वाटतं?” असं जे विचारलं होतं, ते त्यामुळे. तू म्हणालास, “मिठाबद्दल काय वाटायचंय? मीठ आहे ते.” मी तक्त्यात लिहिलं, ‘व्यक्ती विचार करू लागली आहे.’ पुढच्या आठवड्यात “रोज वीस मिनिटं चालायला लागलास तर आयुष्य कसं दिसेल?” असं विचारलं, तेव्हा तू फोन वहिनीकडे दिलास आणि मागून तुझा आवाज आला, “हिचं काहीतरी बिनसलंय, तू बोल.” मी लिहिलं, ‘कुटुंबाचा सहभाग वाढला.’

पण दर आठवड्याला बीपीही भरायचं होतं, आणि नुसता आकडा चालत नाही. मशीनच्या पडद्याचा फोटो लागतो, तारखेसह. ते मी कसं केलं ते शेवटी सांगते. फोटो सगळे खरे आहेत एवढं आत्ता लक्षात ठेव.

पहिल्या आठवड्यात सतराचा वरचा आकडा एकशे अठ्ठेचाळीस. मी म्हटलं, जिन्याचा परिणाम. पुढच्या आठवड्यात एकशे चोपन्न. म्हटलं, मशीनचे सेल उतरले. सेल बदलले, एकशे साठ. इतरांचे आलेख बघावेस. सगळे उतरणीला लागलेले. आमच्या केंद्रातला फार्मासिस्ट माझ्याबरोबर प्रशिक्षणाला आहे, त्याने सासूबाई निवडल्या. त्यांचा आकडा दर आठवड्याला बरोबर तीनने उतरतो, पट्टी लावून रेघ मारल्यासारखा. एकट्या सतराचा वर चालला होता. मला वाटलं, नापास करतील. उलट बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, “सतरा नंबर काही केल्या ऐकत नाही, पण ताई आकडा लपवत नाहीत. याला नोंद म्हणतात.” फार्मासिस्ट खाली बघत होता.

तेव्हापासून तू प्रसिद्ध आहेस. चाळीस अनोळखी माणसं दर आठवड्याला तुझी चौकशी करतात. एकीने विचारलं, सतरा घरी चिडचिड करतात का. (मी हो म्हटलं. मला खोटं बोलता येत नाही.) एकाने सांगितलं, अशा माणसाला धाक नको, माया हवी. लगेच दुसऱ्याने लिहिलं, माया इतके आठवडे झाली, आता धाक बघा. यावर अर्धा तास वाद झाला आणि मतदान घेतलं. माया तीन मतांनी जिंकली. फार्मासिस्ट मात्र वर्गात बोलत नाही. तो मला जिन्यात गाठतो आणि म्हणतो, “सतराला माझा नमस्कार सांगा. आणि म्हणावं, चढताना दुसऱ्या मजल्यावर जरा टेका.” मी विचारलं, त्यांच्या घरी जिना आहे हे तुला कोणी सांगितलं? तो म्हणाला, “जिना कोणाला चुकलाय, बाई.”

गेल्या आठवड्यात आकडा एकशे बहात्तर झाला. वर्ग संपल्यावर बाईंनी मला थांबवून घेतलं. म्हणाल्या, “ताई, हा आता गृहपाठ राहिला नाही. सतराला डॉक्टरकडे न्या. आणि येत्या गुरुवारी अकरा वाजता मी जादा वर्ग घेते, त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवा, सगळ्यांसमोर बीपी मोजू. ते आले नाहीत तर केस रद्द धरावी लागेल.” केस रद्द म्हणजे प्रमाणपत्र नाही, म्हणजे नोंदखोली.

मी हो म्हणून बसले आहे.

घरी येताना बाबांची आठवण झाली. त्यांना कोणी दंड पुढे करा म्हटलं की ते म्हणायचे, माझं मला कळतं. शेवटच्या दिवशी सकाळीही तेच म्हणाले. ते गेल्यावर त्यांचं घड्याळ तुझ्याकडे आलं आणि ते वाक्यही. मला वाटत होतं की माझ्याकडे त्यांची फक्त छत्री आली.

वहिनीला नमस्कार. उत्तर लवकर पाठव.

तुझी,
धाकटी

ता. क. उत्तर नको, तूच ये. बुधवारी संध्याकाळपर्यंत पोच. गुरुवारी अकराला तिसऱ्या मजल्यावर, इस्त्रीचा शर्ट, अर्ध्या बाह्यांचा. चाळीस माणसं वाट बघत आहेत. मास्तरांनी तुला विचारायचे प्रश्न काढून ठेवले आहेत, एकूण चौदा.

ता. क. दुसरा. तुझं बीपी नीट निघेल की काय, अशी मला मोठी भीती आहे. दहा आठवडे चढणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर येऊन बरा झाला, तर मी त्यांना काय सांगू? तू आदल्या दिवशी चार घास खारट खा, असं लिहिलं होतं. मग खोडलं. मी प्रशिक्षित आहे.

ता. क. तिसरा. वरचे दोन्ही सोड. फोटो काढायला मशीनच्या पट्ट्यात कोणाचा तरी दंड लागतो. दर आठवड्याला त्या खोलीत मी एकटीच होते. वळ त्याचा आहे. आकडे सगळे माझे.

हे मला पाचव्या आठवड्यात कळलं, फार्मासिस्टला तिसऱ्या. तेव्हापासून मी दोनदा डॉक्टरांच्या दारापर्यंत गेले. पहिल्यांदा आत पेशंट होता. दुसऱ्यांदा आत कोणी नव्हतं. मी त्यांना फाइल कुठे ठेवू असं विचारून परत आले. तेव्हा गुरुवारी तू कॅमेऱ्यासमोर बसू नकोस. पट्ट्यात दंड मी घालेन, सगळ्यांसमोर. तू शेजारी बस, आणि नंतर मला हाताला धरून खाली डॉक्टरांच्या खोलीत सोड. दारापाशी नव्हे, आत. मी म्हणेन की माझं मला कळतं. ऐकू नकोस. माया जिंकली होती, पण तू धाक वापर.

ता. क. शेवटचा. केस रद्द होईल बहुतेक. नोंदखोलीला जिना नाही, तेवढं बरं. येताना रिकामी पिशवी आण, पँट घेऊन जा. कमरेत बसते का ते मात्र इथेच बघू, माझ्यासमोर.